इंग्लंडची वाटणी आणि आमचे चाचा

जगातलं कुठलंही सरकार समजावून सांगायला आमच्या चाचांना दोन-चार भाऊ, एक चूल आणि एक सामाईक आंब्याचं झाड एवढं भांडवल पुरत असे. युरोपातल्या देशांचा जकातीचा संघ म्हणजे काय, हे मी आधी एका जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं आणि डोकं धरून बसले होते. चाचांनी ते चहा निवायच्या आत सांगितलं.

"बरेच भाऊ. चूल एक. बाहेरून मासळी आली की दारात एकदाच निवडायची, एकदाच धुवायची. उंबऱ्याच्या आत आली की मग ती कुठल्या खोलीत गेली, कोण विचारतो? आता त्यातला एक भाऊ म्हणाला, मी वेगळा निघतो. निघाला. मध्ये भिंत घातली. आता तीच मासळी त्याच्या दारात परत निवडायची, परत धुवायची आणि परत भांडायचं. समजलं काय गो बाय?"

वेगळा निघालेला भाऊ म्हणजे इंग्लंड. मासळी म्हणजे आमचा खजूर आणि सुकवलेली काळी लिंबं, ज्यांना इथे लुमी म्हणतात. आणि भांडायचं ते आम्ही दोघांनी, कारण ओमानमधल्या बरका गावातल्या खजुराच्या कारखान्यात निर्यातीचा विभाग म्हणजे चाचा आणि मी. मी कराडची. नवरा समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात कामाला, मुलगी शाळेत, आणि घरात बसून एसीचा आवाज ऐकायचा कंटाळा आला म्हणून मी नोकरी धरलेली. चाचा रत्नागिरीकडच्या खाडीवरच्या एका गावातले कोकणी मुसलमान. साठी केव्हाच उलटलेली, अंगाने काटकुळे, आवाज मात्र होडीवरून किनाऱ्यावर हाक मारणाऱ्याचा. कारखान्यातले अरब त्यांना हाजी म्हणत, बाकी सगळे चाचा. साहेब म्हटलेलं त्यांना खपत नसे.

माझ्याशी ते घाटावरची मराठी बोलायचा कसोशीने प्रयत्न करत, पण राग आला की कोकण डोकं वर काढी. माझ्या मुलीला याचं फार नवल वाटे. ती एकदा सुट्टीच्या दिवशी ऑफिसात आली होती. तिच्या अडखळत्या मराठीत तिने थेट विचारलं, "चाचा, तुम्ही मराठी आहात की मुस्लिम? म्हणजे, व्हिच वन?" मी टेबलाखालून तिला चिमटा काढायला हात घातला. चाचा जराही बिचकले नाहीत. "तू भात जेवतेस की मासा?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "दोन्ही. टुगेदर." "मग मी पण दोन्ही, टुगेदर," चाचा म्हणाले आणि तिला मूठभर खजूर दिले.

बाहेर ऊन असं की गाडीच्या दाराला हात लावायला फडकं घ्यावं, आणि चाचा आत हिरवा लोकरीचा स्वेटर घालून बसलेले असत. विचारलं तर म्हणत, "मी इंग्लंडच्या हवेवर काम करतो." हे थट्टेने नव्हे. सकाळी आल्यावर पहिलं काम म्हणजे आमचा माल उतरतो त्या इंग्लंडच्या बंदराची हवा फोनवर बघणं. पाऊस असला की तिथल्या कस्टमला फोन करायचा नाही, कारण भिजून आलेला माणूस चिडलेला असतो.

"पण चाचा, तिथे तर रोजच पाऊस असतो."

"म्हणून तर धंदा कठीण आहे गो."

या माणसाने इंग्लंड कधी पाहिलेलं नव्हतं, हे सांगायला हवं. मस्कत, मक्का, मुंबई आणि रत्नागिरी, एवढीच त्यांची पृथ्वी. पण डबा खाताना ते इंग्लंडच्या संसदेतली भाषणं लावून बसत. अर्धी भाषा कळत नसे, तरी ग्रामपंचायतीची सभा ऐकावी तसं त्यांचं समालोचन चाले. "हा उभा राहिला तो थोरला नव्हे. थोरल्याचा मेहुणा. याच्या मनात भिंत नव्हतीच, बायकोने भरीला घातलं." तिथे मंत्री बदलला की चाचा कपाळाला हात लावत. "नवी सून घरात आली की पहिली मसाल्याचा डबा हलवते. आता बघ, नवीन नियम येणार." आणि नियम येतच. वेगळं निघाल्यावर वर्षानुवर्षं त्यांचा मसाल्याचा डबा काही एका जागी बसला नाही. आज ही तपासणी लागू, उद्या ती पुढे ढकलली, परवा जुनीच पुन्हा आली. आखातातल्या देशांचा मात्र चाचांना मोठा अभिमान. "आपले हे सहा भाऊ बघ. कुरबुरी काय थोड्या आहेत? पण जकात एक. शहाणी माणसं."

पूर्वीचं काम सोपं होतं. आमचा कंटेनर हॉलंडच्या बंदरात उतरे, जकात तिथेच भरली जाई, अर्धा माल युरोपातल्या दुकानांत जाई आणि उरलेला ट्रकमध्ये बसून इंग्लंडला. स्वयंपाकघरातून ओसरीवर ताट न्यावं इतकं सरळ. इंग्लंडात एक इराकी व्यापारी होता, आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. तो फोनवर आधी चाचांना मनसोक्त शिव्या घाली, मग त्यांच्या तब्येतीची चौकशी करी आणि मग ऑर्डर देई. वाटणीनंतर सगळंच दुप्पट झालं. हॉलंडात एकदा जकात, इंग्लंडच्या दारात दुसऱ्यांदा. खोक्यावर नाव-पत्तासुद्धा वेगळा हवा: इंग्लंडच्या खोक्यावर इंग्लंडातल्या व्यापाऱ्याचा, युरोपच्या खोक्यावर युरोपातल्याचा. लेबलांची अदलाबदल झाली की माल अडकला.

अदलाबदल तर होणारच. पॅकिंगला सगळी बांगलादेशी मुलं, गप्पा मारत हात चालवणारी. यावर चाचांनी जो उपाय काढला तो अर्थशास्त्राच्या पुस्तकात घालण्यासारखा आहे. त्यांनी हॉलच्या मधोमध पिवळी पट्टी चिकटवली. इकडे युरोप, तिकडे इंग्लंड. इकडच्याने तिकडे जायचं नाही, चिकटपट्टी उसनी मागायची नाही, चहासुद्धा वेगळ्या किटलीतला. "संघ मोडला आहे," त्यांनी जाहीर केलं, "चहा पण मोडला." आता त्या पोरांत दोघे सख्खे भाऊ होते, आणि नेमका एक युरोपात बसला आणि दुसरा इंग्लंडात. धाकटा पट्टीपलीकडून थोरल्याकडे खजूर फेकी आणि थोरला तो तोंडात झेली. चाचा दारातून ओरडत, "तस्करी! तस्करी!" आणि सगळा हॉल हसून लोटपोट होई. पण एक खरं, त्यानंतर लेबलं चुकली नाहीत.

कंटेनर निघायच्या दिवशी चाचांचा रुबाब वेगळाच असे. त्याला ते 'पाठवणी' म्हणत. कारखान्यात तेवढा वेळ कुणी चहा प्यायचा नाही, मोठ्याने हसायचं नाही. दार बंद होऊन सील लागलं की चाचा त्यावर उजवा हात ठेवून दुवा म्हणत, ट्रकवाल्या पठाणाला "लेक दिलीय तुझ्या हातात, खड्ड्यातून सांभाळून ने" असं हिंदीत बजावत आणि ट्रक चौकातून वळून दिसेनासा होईपर्यंत फाटकात उभे राहत. माल चढवणारा आमचा फोर्कलिफ्टवाला गणू हा मालवणचा. तोही डोक्यावरची टोपी काढून शेजारी उभा राही. गणूने एकदा कंटेनरच्या दारावर लिंबू-मिरची बांधलेली चाचांनी पाहिली होती आणि कडाक्याचं भांडण झालं होतं. "तुझ्या फोर्कलिफ्टला बांध काय बांधायचं ते. डब्याला नको." गणूने मान हलवली होती, आणि आम्हाला वाटलं होतं की विषय मिटला.

आमचा अर्बाब, म्हणजे मालक, म्हातारा आणि सज्जन. रोज अकराच्या सुमारास येऊन काहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसे. कारभार बघायचा तो त्याचा पुतण्या, इंग्लंडात शिकून आलेला, हुशार पोरगा. उगाच त्याला नावं ठेवणार नाही. हिशेब त्याचाच बरोबर होता. दोनदा जकात भरून इंग्लंडला माल पाठवणं परवडत नव्हतं. तो म्हणाला, इंग्लंड सोडून द्या, युरोपपुरतं ठेवा. चाचा म्हणाले, हॉलंडमार्गे पाठवूच नका, थेट इंग्लंडला पाठवा. अख्खा कंटेनर, एकच दार, एकच जकात. खूप वादावादी झाली. शेवटी अर्बाबने कप खाली ठेवला.

"हाजी, ये साल एक कंटेनर डायरेक्ट इंग्लंड भेजो. रमजान से पहले दुकान में पहुँचा, तो काम चालू. नहीं पहुँचा, तो इंग्लंड खलास. फिर तुम भी घर जाके आराम करो. बहुत काम किया तुम."

हे तो प्रेमानेच म्हणाला. पण आराम या शब्दाचा आखातात एकच अर्थ आहे: व्हिसा नवा होणार नाही. युरोपचं काम मी एकटी सांभाळू शकत होते, हे मलाही कळत होतं आणि चाचांनाही. मला त्या दिवशी स्वतःच्या नोकरीची लाज वाटली.

मी म्हटलं, "चाचा, गावी तुमचं एवढं मोठं घर आहे. मुलं मार्गाला लागलीत. कशाला जिवाला घोर लावून घेता?"

"घरी मी पाहुणा आहे गो," चाचा म्हणाले. "पाहुण्याला पहिले तीन दिवस मटण. चौथ्या दिवशी डाळ. आठव्या दिवशी विचारतात, परत कधी जाणार? माझी खुर्ची कुठली, हेसुद्धा मला तिथे माहीत नाही. इथे निदान इंग्लंडचं सरकार तरी मला रोज त्रास देतं. तिथे त्रास द्यायला पण कोणी नाही."

हे ऐकून हसावं की रडावं, कळेना. सुट्टीवर दोन महिन्यांसाठी जाऊन चाचा तीन आठवड्यांत परत येतात, हे आम्ही दरवर्षी बघत होतो आणि त्यांची थट्टा करत होतो. घरी फोन आठवड्यातून एकदा, जुम्म्याच्या नमाजानंतर. पैसे पोचले? तब्येत बरी? ठेवतो. चहाला लागतो त्याहून कमी वेळ.

तर तो कंटेनर भरला. चाचांनी एकेक खोकं स्वतः बघितलं. खोकी रचायच्या लाकडी पॅलेटवरचे शिक्के वाकून वाकून तपासले, कारण वेगळ्या झालेल्या भावाला आता लाकडातल्या किड्यांचीही भीती वाटू लागली होती. पाठवणी झाली. मग समुद्रावरचे दिवस गेले. जहाज इंग्लंडला लागलं. चाचांनी हवा बघितली, चक्क ऊन होतं. आणि त्याच दिवशी मेल आला की कंटेनर तपासणीसाठी उघडला असून अडकवून ठेवला आहे.

सोबत फोटो होता. कंटेनरचं दार, दाराच्या आतल्या बाजूला कडी, कडीला दोरा, आणि दोऱ्यात ओवलेलं सुपारीएवढं आकसलेलं लिंबू आणि खाली काळ्या पडलेल्या मिरच्या. शेजारी मापाची पट्टी धरलेली. खाली प्रश्न: ही वस्तू कोणती? नग किती? उपयोग काय? कागदपत्रांत ताज्या फळभाजीचा उल्लेख का नाही?

चाचांनी फोटो बघितला. मग स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. मी इतक्या वर्षांत त्यांना ऑफिसात स्वेटरशिवाय पाहिलं नव्हतं.

"गणूला बोलव."

गणू आला. मला वाटलं होतं, आल्या आल्या माफी मागेल. तो फोटो बघून खूश झाला. "माजाच आसा ता. अजून टिकला बघा!"

"मी नको सांगितलं होतं ना तुला?"

"तुमी भायर नको म्हटलास. मी आतून बांधलंय. दर टायमाक बांधतंय. आजपर्यंत एक तरी डबो बुडलो काय, सांगा? माका विचारा, ता लिंबू नसता तर तुमचो डबो थंयसर पोचलोच नसतो!"

म्हणजे आतापर्यंतच्या प्रत्येक पाठवणीला आमच्या कंटेनरला आतून गणूचं लिंबू आणि बाहेरून चाचांची दुवा, असा दुहेरी बंदोबस्त होता. प्रश्न एवढाच उरला की हॉलंडात इतकी वर्षं हे कुणाच्या नजरेस कसं आलं नाही? चाचांनी तिथल्या गोदामात फोन लावला. फोनवर आला तो गोदामाचा मुकादम. त्याच्याशी आमचा व्यवहार नेहमी इंग्रजीतून, दोन ओळींचा. निंबू म्हटल्याबरोबर तो माणूस एकदम भोजपुरीसारख्या हिंदीत सुरू झाला. त्याचे पणजोबा मजूर म्हणून सुरिनामला गेलेले, आईबाप तिथून हॉलंडात आलेले.

"ऊ निंबू-मिरचा? अरे भइया, ऊ तो हम हर बार उतार के नहर में छोड़ आवत रहे. हमार आजी कहत रही, कचरा में ना डाले के."

चाचांनी फोन ठेवला. "बघ गो," ते म्हणाले, "त्या संघाने आपल्याला एवढी वर्षं काय दिलं? हा एक माणूस दिला. आणि इंग्लंडने वाटणीत नेमका हाच सोडला."

पुढचा प्रश्न उत्तर काय द्यायचं हा. पुतण्या म्हणाला, लिहा की कुणाच्या तरी डब्यातला कचरा चुकून राहिला, आणि त्या फोर्कलिफ्टवाल्याला आजच काढा. मी सुचवलं, शोभेची वस्तू लिहू. चाचांनी दोन्ही मोडीत काढलं. "शोभेची म्हटलं तर विचारतील, शोभेच्या वस्तूंवर जकात का नाही भरली? कचरा म्हटलं तर म्हणतील, खाण्याच्या मालात कचरा? एकदा खोटं सापडलं की पुढचा प्रत्येक डबा उघडतील. आणि गणूला काढून काय होणार? त्याच्यासारखा पॅलेट उचलणारा अख्ख्या बातिना किनाऱ्यावर नाही." पुतण्या खांदे उडवून गेला. "तुमचा कंटेनर, तुमचा व्हिसा," तो जाताना इंग्रजीत म्हणाला.

चाचा सांगत गेले आणि मी इंग्रजीत उतरवत गेले. 'ही वस्तू म्हणजे एक लिंबू आणि सात मिरच्या. विकण्यासाठी नाही, खाण्यासाठी नाही. आमचा माल चढवणारा माणूस मालाला नजर लागू नये म्हणून ती बांधतो. मी स्वतः मुसलमान आहे, माझा यावर विश्वास नाही. पण तो आमच्या खजुराची काळजी करतो, हे मला आवडतं. पुन्हा असं होणार नाही. लिंबू कृपया नष्ट करावं, खजुराला मात्र काही करू नये, तो रमजानसाठी आहे.' मी म्हटलं, चाचा, असं पत्र कुणी सरकारला लिहितं का? ते म्हणाले, सरकारला नाही, त्या फोटो काढणाऱ्याला लिही. त्यालाही आजी असेलच.

उत्तर येईना. एक आठवडा गेला, दुसरा गेला. इराकी व्यापारी आधी शिव्या द्यायचा, आता शिव्याही देईना, आणि तेच जास्त वाईट होतं. पुतण्या आमच्या खोलीत फिरकेना. गणू रोज येऊन दारातून विचारी, "सुटलो काय?" आणि मान खाली घालून जाई. एकदा त्याने मला एकटीला गाठून विचारलं की चाचांचं काही वाईट होणार का. मी नाही म्हटलं, पण माझा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. मला चाचांची फार काळजी वाटत होती. ते डबा उघडत आणि तसाच बंद करत. संसदेतली भाषणंही बंद झाली.

बोलायला कुणी उरलं नाही म्हणून चाचा घरी फोन करू लागले. आधी दिवसाआड, मग रोज संध्याकाळी. मी समोरच बसलेली, कानावर पडायचंच. चाची, म्हणजे त्यांच्या पत्नी, पहिल्या दिवशी घाबरल्या की रोज फोन म्हणजे हे आजारी आहेत. मग चाचांनी त्यांना सगळं सांगितलं. वाटणी, भिंत, हॉलंड, लिंबू. चाची हसल्या असाव्यात, कारण चाचाही हसले, कितीतरी दिवसांनी. मग त्या रोज प्रश्न विचारू लागल्या. डबा थंडीत ठेवलाय की उन्हात? राखणीला कोण आहे? त्यांच्या सांगण्यावरून मशिदीत इंग्लंडात अडकलेल्या डब्यासाठी दुवा मागितली गेली. शेजारणी विहिरीवर विचारत, हाजींचा डबा सोडला काय ओ? चाचा मला हे सांगत आणि लाजत. "अख्खं गाव जकात शिकलं गो," ते म्हणाले.

मग एका दुपारी चार ओळींचा मेल आला. वस्तू नष्ट केली आहे. तपासणीचं शुल्क भरावं. माल मुक्त. पुढच्या वेळी काळजी घ्यावी.

मी ओरडलेच. चाचांनी मेल दोनदा वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. "एवढं चांगलं पत्र लिहिलं," ते म्हणाले, "त्याबद्दल एक शब्द नाही!" मग मात्र ते उठले, स्वेटर अंगात चढवला आणि अर्बाबकडे जायच्या आधी, पुतण्याला सांगायच्या आधी, व्हरांड्यात जाऊन त्यांनी घरी फोन लावला.

खजूर दुकानात पोचला तेव्हा रमजानचा चंद्र दिसायला अजून आठवडा होता. इराकी व्यापाऱ्याने फोन करून अशा काही शिव्या घातल्या की चाचांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढची ऑर्डर दुप्पट. अर्बाब स्वतः आमच्या खोलीत आला, पुतण्याही आला आणि त्याने मोकळेपणाने हात पुढे केला. अर्बाब म्हणाला, "हाजी, मबरूक, मुबारक हो. व्हिसा का कागज तैयार है. पासपोर्ट दे दो."

चाचा म्हणाले, "नहीं अर्बाब. मैं घर जाता हूँ."

पुतण्याने अर्बाबकडे बघितलं. मला तर राग आला. या एका वाक्यासाठी आम्ही महिनाभर जीव टांगणीला लावला होता? सगळे गेल्यावर मी तोंड सोडलं. "चाचा, तुम्ही त्या इंग्लंडला एवढी नावं ठेवलीत. कुणी हाकलत नसताना उठून निघालं म्हणून. आणि आता तुम्ही काय करताय?"

ते भडकतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुला सांगतो. डबा सुटला म्हणून मी हिला फोन केला ना त्या दिवशी? मला वाटलं, खूश होईल. खूश झाली. मग म्हणाली, डबा सुटला, बरा झाला. तुमी एका डब्यापायी येवडे तळमळलाव. माज्यापायी कदी तळमळलाव काय?"

मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"मला उत्तर देता आलं नाही गो. इंग्लंडच्या सरकारला उत्तर दिलं मी. तिला नाही देता आलं. मी म्हणत होतो, तिथे मला कोण विचारतो. आणि ती इतकी वर्षं विचारतच होती. मीच पैसे पोचले काय म्हणून फोन ठेवत होतो." त्यांनी स्वेटरच्या बाहीने डोळे पुसले. "हाकललं म्हणून गेलो असतो तर तिच्या दारात तोंड पाडून बसलो असतो. आता मी आपणहून जातोय. तिच्यासाठी जातोय, असं सांगता तरी येईल."

मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

ते गेले त्याला आता काही महिने झाले. इंग्लंड माझ्याकडे आलं आहे. गणूची दरवेळी झडती घेते. पट्टीच्या दोन्ही बाजूंचे ते भाऊ अजून एकमेकांना खजूर फेकतात आणि 'तस्करी' म्हणून ओरडायला कुणी नाही, म्हणून मीच ओरडते. पण सरकारं समजावून सांगणारं कुणी नाही. परवा आखाती देश आणि इंग्लंड यांच्यातल्या व्यापाराच्या कराराची बातमी आली. सहा भाऊ आणि तो वेगळा निघालेला, यांची सोयरीक जुळत होती म्हणायची. चाचांना हे ऐकून किती आनंद होईल या विचाराने मी तिथल्या तिथे फोन लावला. पलीकडे रिक्षाचा आवाज येत होता.

"चाचा, बातमी वाचलीत? जकात बदलणार! आपल्या खजुरावर आता..."

"बाय, ते तू बघ आता," चाचा घाईने म्हणाले. "हिचे डोळे दाखवायला रत्नागिरीला चाललोय. ही रिक्षात बसलीय, मला हाका मारतेय."

"एकच मिनिट चाचा, फक्त एवढं सांगा..."

"नाही गो. आयुष्यभर थांबली ती माझ्यासाठी. आता एक मिनिट पण थांबवायची नाही तिला."

आणि त्यांनी फोन ठेवला.